उंच शेगडी

वहिनीचा संधिवात मी आणलेल्या तेलाने बरा झाला, ही गोष्ट आमच्या नात्यात इतकी पक्की झाली आहे की परवा एका पुतणीने गुडघ्यांसाठी त्या तेलाचं नाव विचारलं. मी आठवत नाही म्हणालो. खरं काय ते आता लिहून ठेवतो.

साठच्या दशकाच्या शेवटी आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो. आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. सकाळी वहिनीची बोटं सुजून वळत नसत. शेगडीपाशी खाली बसली की उठताना भिंत धरावी लागे. घरातली बाई कामाला कमी पडू लागली की तिला कोकणात धाडायची, ही आमच्याकडची रीत. आईने ठरवलं, मे महिन्यात वहिनीने गावी जायचं, मुली शाळेसाठी इथेच राहतील.

"मी गावाक जावचंय नाय," वहिनी मला म्हणाली. "भावजी, माका थोड्या विटा आणून द्या."

विटांवर लादी, लादीवर शेगडी, समोर स्टूल. वहिनी बसून भाकऱ्या थापू लागली. चाळीतल्या बाया बघायला आल्या. आई म्हणाली, "आता हिला पंख्याने वारा घाला." वहिनी हसली आणि पाटाही वर ठेवून घेतला.

पहाटे ती गरम पाण्यात हात बुडवून मुठी हळूहळू उघडायची. निर्गुडीचा पाला आणायला स्वतः डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जायची आणि तो गरम करून गुडघ्यांना बांधायची. फारच ठणकलं तर डॉक्टरची गोळी घ्यायची, लपवायची नाही. आणि वाईट दिवशी सासूसमोर सरळ सांगायची, "आज भाकरी नाय, भात." त्या काळी सुनेने असं म्हणायला किती बळ लागे, हे मला फार उशिरा कळलं.

माझं तेल मी घाटकोपरच्या एका वैद्याकडून आणलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने तिच्या कातडीची आग झाली, तिने बाटली ट्रंकेमागे ठेवून दिली. मला माहीत होतं. तरी ती हिंडूफिरू लागल्यावर लोकांनी विचारलं तेव्हा मी तेलाचं नाव सांगत सुटलो. ती ऐकायची आणि मान खाली घालून भाकरी उलटायची.

एप्रिलमध्ये एका सकाळी नळावरून पाणी घेऊन आलो, तर स्टुलावर आई बसली होती. तिचेही गुडघे दुखायचे, आम्ही कधी विचारलं नव्हतं. हात पिठात, नजर तव्यावर. वहिनी बाजूला उभी राहून तिला भाकरीवर पाणी फिरवून देत होती.

मे आला. गावच्या बोटीचं तिकीट कोणी काढलं नाही. वहिनीचं दुखणं काही गेलं नाही, ते शेवटपर्यंत तिच्याबरोबर राहिलं. पण ती मुलींजवळ राहिली.

पुतणीला आज उलटा फोन करतो. तेलाचं नाव नाही, स्टुलाची उंची सांगायला.