आभारातच वेळ गेला

शॉन्डेल ब्रॉडनॅक्स आमच्या एन्स्ली वस्तीतली, आमच्याच चर्चची. लहानपणी संडे स्कूलमध्ये मी तिचे कान उपटलेत, आणि आता तिच्याच कंपनीची व्हॅन चालवते. याचा मला काडीचाही कमीपणा वाटत नाही. उलट ऊर भरून येतो.

कंपनीचं काम साधं आहे. डायलिसिसच्या पेशंटला घराच्या दारातून न्यायचं, मशीनवरून उठेपर्यंत थांबायचं, परत दारात आणून सोडायचं. कुठली गाडी कुणाकडे जाईल हे मोबाइलवर जुळवणारा प्रोग्रॅम शॉन्डेलने स्वतः लिहिला, त्यासाठी चांगली नोकरी सोडली. तरी गुंतवणूकदारांकडे गेली की प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे टेक्निकल बाजू कोण बघतं?" ती म्हणायची, "मीच." मग ते तिच्या मागे आणखी कुणी उभं आहे का, ते बघायचे. काळ्या बाईने हे केलं, हे त्यांच्या गळी उतरतच नसे.

शेवटी डाउनटाउनमधल्या नव्या कंपन्यांच्या स्पर्धेवर सगळं येऊन ठेपलं. तिथे गुंतवणूक मिळाली नाही तर व्हॅन बंद, आणि आमची म्हातारी माणसं पुन्हा बसस्टॉपवर. म्हणून आम्ही रविवारी चर्चला घालतो त्या हॅट घालून पुढच्या रांगा अडवून बसलो.

बोलायला तीन मिनिटं होती. आधीची पोरं धडाधड बोलून मोकळी झाली. शॉन्डेल उभी राहिली आणि चर्चमध्ये उभं राहून देवाच्या कृपेची साक्ष द्यावी तशी सवयीने सुरू झाली, "आधी देवाचे आभार. मग मदर ओडेसा पेटवेंचे. डीकन रूफसचे. सिस्टर इनेझचे..." आमच्या चर्चमध्ये मदर, डीकन, सिस्टर अशा मोठ्यांचा मान राखल्याशिवाय कुणी बोलायला सुरुवात करत नाही, आणि नाव घेतलं की उठून उभं राहायचं. एकेक जण उभा राहत गेला. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढे आईचं नाव आलं आणि ती अडखळली. न्यायला गाडी आली नाही म्हणून तिच्या आईचं डायलिसिस चुकत गेलं होतं, आणि त्यातच ती गेली. चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मदर पेटवे खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सावकाश, पोरी. घाई नाही."

घाई नाही कशी? घड्याळ पळत होतं. पण शॉन्डेल खरंच सावकाश बोलली, आणि आकडे सांगायच्या आतच घंटा झाली.

एक परीक्षक म्हणाले, "अर्धा वेळ आभारातच गेला. तुमचे ग्राहक कोण, तेही कळलं नाही."

"त्यांचीच तर ओळख करून दिली, सर," शॉन्डेल म्हणाली. "अजून उभेच आहेत ते."

परीक्षकांनी मान वळवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

निकाल जेवणानंतर होता, आणि त्याच सुमारास मदर पेटवेंचं डायलिसिस. मी म्हटलं, "त्यांना मी नेते, तू थांब."

"मदरना मंगळवारी मीच नेते," ती म्हणाली आणि किल्ली घेऊन निघालीसुद्धा. मी मागे जाऊन बसले.

वाटेत फोन वाजला. तिचे हात स्टिअरिंगवर, म्हणून मदरनी उचलला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून घाईघाईत विचारलं गेलं, "शॉन्डेल ब्रॉडनॅक्स आहेत का?"

"आधी गुड आफ्टरनून म्हणतात, बाळा."

"सॉरी मॅडम. गुड आफ्टरनून."

"हं. आता सांग. सावकाश."

तिची निवड झाली होती. शॉन्डेलने गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडत रडत पुन्हा सुरू झाली, "देवाचे आभार, मदर पेटवेंचे, डीकन रूफसचे..." मीही मागे रडत होते, आणि माझं नाव येईल म्हणून कान देऊन होते.

मदरनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आभार गाडी चालवता चालवता मान," त्या म्हणाल्या. "मला उशीर होतोय."