झेंडीपलीकडच्या फोटोअक्का

फोटोअक्का भर रस्त्यात पाट टाकून बसत. अंगावर नऊवारी, कासोटा घट्ट खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि डोळ्याला घडीचा कॅमेरा. पंगतीला बसावं तशी मांडी घालून ही बाई रविवारी सकाळी कनकपुऱ्याच्या रस्त्यावर, बनशंकरीच्या देवळाच्या अलीकडे, आमची वाट बघत असे. बनशंकरी तेव्हा बंगळुराबाहेर होती. देवळाला जाणारे घोड्यांचे जटके आणि बैलगाड्या मुकाट्यानं त्यांना वळसा घालून जात. कुणी विचारलंच तर त्या म्हणत, "उभं राहून काढलं की नुसत्या टोप्या येतात. सायकलच्या शर्यतीत सायकल नको का दिसायला?"

आम्ही म्हणजे हौशी सायकलवाले. कोणी कारखान्यात, कोणी बँकेत, कोणी कॉलेजात. मी बेळगावहून येऊन एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो होतो. आठवडाभर रेघा ओढायच्या आणि रविवारी सायकलचे मडगार्ड काढून, हँडल उलटं करून शर्यतीला उभं राहायचं. बक्षीस म्हणजे एखादा पितळी पेला. अक्का कुणाचीच नावं लक्षात ठेवत नसत. मला त्या 'बेळगाव' म्हणत, आणि मी ओ देत असे.

त्यांची स्वतःची तिसरी पिढी बंगळुरात. त्यामुळे मराठी बोलता बोलता त्या कधी कन्नडमध्ये शिरत ते त्यांनाच कळत नसे. फोटो काढताना श्वास रोखून धरत आणि खटका दाबला की मोठ्यानं म्हणत, "होगली." म्हणजे जाऊ दे. एका रोलमध्ये आठच फोटो निघत आणि एका रविवारी एकच रोल, असा घरचा नियम होता. गेलेली सायकल काही परत येत नाही, तेव्हा फोटो चांगला आला असो वा वाईट, प्रत्येकाला हा निरोप ठरलेला होता.

कॅमेरा मुळात त्यांच्या यजमानांचा. आम्ही त्यांना भावजी म्हणत असू. भावजी सांगलीचे, एका संशोधन संस्थेत रसायनांच्या बाटल्यांत रमलेले. साहेबलोक इथून गेले तेव्हा छावणीतल्या एका लिलावात त्यांनी हौसेनं तो कॅमेरा घेतला आणि सासुरवाडीच्या सगळ्या मंडळींचे फोटो काढले. एकाही फोटोत कुणाला डोकं नव्हतं. "माझ्या बापाचा धोतरावरून ओळखायचा फोटो आमच्याकडे आहे," अक्का सांगत. त्या दिवसापासून कॅमेरा त्यांच्याकडे आला आणि भावजींकडे फोटो धुण्याचं काम गेलं. ते त्यांना उत्तम जमे. मंगळवारी त्यांच्या चामराजपेटेतल्या घराच्या मागच्या दारी कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावलेले आमचे फोटो वाळत असत, आणि खाली सूपभर सांडगे.

धावत्या सायकलीचा फोटो स्वच्छ यायचा तर ती किती अंतरावर असताना खटका दाबायचा हे आधीच ठरवावं लागतं. अक्का पावलं टाकून अंतर धरत आणि तिथे रस्त्यावर खूण करत. पहिल्या खेपेला त्यांनी ती रांगोळीनं केली. नुसती रेघ ओढून त्यांचा हात थांबेना, म्हणून बाजूला दोन कमळंही काढली. झालं असं, की रांगोळी दिसताच आमच्यातल्या पुढच्यानं चाक वळवलं. रांगोळी तुडवायची नाही हे बंगळुरातलं पोर चालायला लागतं तेव्हाच शिकतं. त्याच्या मागचाही वळला, आणि तिसरा सरळ शेजारच्या नाचणीच्या शेतात गेला. तो तिसरा मी. अक्का पाटावरून उठून आल्या, मला हात देऊन उभं केलं आणि म्हणाल्या, "स्वल्प खरचटलंय. तुला काही होत नाही, सायकल बघ." पुढच्या रविवारपासून खूण विटेच्या तुकड्यानं होऊ लागली.

त्यांना उताराचे फोटो आवडत नसत. "उतारावर सगळेच शूर. माणूस बघायचा तर चढावर बघावा," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यामुळे आमचे सगळे फोटो तोंड वासलेले, शिरा ताणलेले, डोळे बाहेर आलेले. माझा असा एक फोटो मी मोठ्या ऐटीत घरी पाठवला, तर आईनं उलट टपाली विचारलं, की तुला कुणी मारतंय का? अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आईला लिही, की मुलगा इतका जीव लावून काहीतरी करतोय. हसरा फोटो काय, स्टुडिओवाला पण काढतो."

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. पण शर्यत संपली की भावजींच्या पिशवीतून भिजवलेल्या डाळीच्या कोसंबरीचा डबा आणि गुळाचं पानक निघे, आणि कुणी कमी खाल्लं तर त्याला शर्यत हरल्यापेक्षा जास्त बोलणी बसत. मुनिस्वामी नावाचा एक गडी तर डबा चाटूनपुसून परत करी. तो बसवनगुडीत दूध घालायचा. आठवडाभर ज्या सायकलला दुधाचे कॅन, तिचंच कॅरियर काढून तो रविवारी येई आणि आम्हा सगळ्यांना घाम फोडी. त्याच्या घरी देवांच्या तसबिरींत अक्कांनी काढलेला त्याचा फोटो होता. फोटोला उदबत्ती तो स्वतःच ओवाळत असे की काय, अशी आम्ही त्याची थट्टा करायचो.

एका वर्षी म्हैसूर राज्याचा संघ उत्तरेकडे राष्ट्रीय स्पर्धेला जायचा होता. बाकीची नावं ठरली होती. एक जागा उरली होती, ती आमच्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्याची. मला ती जागा हवी होती. पेल्याबिल्यांचं मला काही वाटत नसे, पण छातीवर राज्याचं नाव लावून एकदा तरी धावावं, या एका गोष्टीनं माझी झोप उडवली होती. पुढच्या महिन्यात माझं लग्न होतं, आणि कारखान्यात पाळी बदलून रविवारही कामाचा होणार होता. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. अक्कांना हे ठाऊक होतं. त्या आठवड्यात त्यांनी मला रोज जेवायला बोलावलं. "खानावळीच्या सारावर चढ चढवत नाही," म्हणाल्या आणि पानात तूप ओतत राहिल्या.

शेवटच्या वळणानंतर मी आणि मुनिस्वामी दोघंच उरलो. शेवटाची खूण म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना एकेक झेंडी रोवली होती. मधली चुन्याची रेघ आधीच्या शर्यतींत पुसून गेली होती. दोन्ही झेंड्यांच्या रेषेत पंच उभे होते. देवळाला आलेली माणसंही तमाशा बघायला थांबल्यामुळे खूप गर्दी होती. त्या दिवशी अक्कांना पाट टाकायलाही जागा मिळाली नाही. त्या उभ्यानंच फोटो काढत होत्या. मुनिस्वामी त्यांच्या बाजूनं, मी पलीकडच्या कडेनं मान खाली घालून, असे दोघंही झेंड्यांमधून गेलो. पंचांनी मुनिस्वामीचं नाव पुकारलं. निम्मी गर्दी म्हणाली बरोबर, निम्मी म्हणाली चूक.

फोटो दोरीवर आला तेव्हा त्यात मी पुढे होतो. वीतभर, पण स्पष्ट. मी तर उडालोच. शर्यतीतले दोस्त म्हणाले, आत्ताच्या आत्ता पंचांपुढे हा फोटो ठेवू, संघात घ्यायचं नाव अजून कळवलेलं नाही. अक्का मात्र फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा देता येणार नाही."

"का?"

"मी झेंडीच्या रेषेत नव्हते रे. गर्दीनं मला झेंडीच्या चार पावलं पुढे ढकललं होतं."

"चार पावलांनी काय होतंय अक्का?"

"उद्या सकाळी ये. दाखवते."

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी आम्ही तिघं त्या जागी गेलो. झेंड्या रोवल्याची भोकं रस्त्याच्या कडेला तशीच होती. अक्कांनी भावजींना रस्त्याच्या मध्ये उभं करून त्यांच्या दोन्ही हातांत दोन सायकली दिल्या आणि दोन्हींची पुढची चाकं त्या दोन भोकांच्या सरळ रेषेत आणली. मी स्वतः दोरी धरून पाहिलं, तसूभरही फरक नव्हता. भावजी बैलजोडी धरल्यासारखे निमूट उभे होते. मग अक्कांनी मला आपल्या जागेवर, चार पावलं पुढे नेलं आणि कॅमेरा माझ्या डोळ्याला लावला. पलीकडची, म्हणजे माझ्या बाजूची, सायकल पुढे दिसत होती. चांगली वीतभर.

"म्हणजे मुनिस्वामी जिंकला?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही. कोण जिंकला ते या फोटोत नाही, एवढंच माहीत आहे." मग त्यांनी फोटो माझ्या हातात ठेवला. "फोटो तुझा आहे. द्यायचा तर दे. पण मी कुठे उभी होते असं कुणी विचारलं, तर मी सांगणार."

मी फोटो खिशात घालून देवळापर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो. तो त्यांच्या हातात दिला आणि कारखान्यात गेलो. यात माझा मोठेपणा काही नव्हता. कुणी विचारलं नसतं तरीही त्या बाईनं स्वतःहून सांगितलं असतं, याची मला खात्री होती.

मुनिस्वामी संघातून गेला, बऱ्यापैकी धावून परत आला आणि पुन्हा दूध घालायला लागला. माझं लग्न झालं, रविवारची पाळी लागली, सायकलला मडगार्ड परत बसले. सणावारी मी बायकोला घेऊन अक्कांच्या पाया पडायला जाई. त्या तिला समोर बसवून खाऊ घालत, माझी चौकशी करत. मीही हसून बोलत असे. पण त्या फोटोचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही. मला राग होता. अक्कांचं म्हणणं बरोबर आहे हे मला पटलं होतं, डोळ्यांनी दिसलं होतं, तरी राग होता. परक्या माणसानं न्याय केला तर चालून जातं, आपल्या माणसानं केला की तो फार लागतो.

भावजी निवृत्त झाले आणि त्यांनी सांगलीला परतायचं ठरवलं. जिचा जन्म इथला, तिनं उतारवयात नवऱ्याच्या गावी जायचं. अक्का एवढंच म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. त्यांनी माझ्या गावात जन्म काढला, आता मी त्यांच्या." मिरजेच्या गाडीवर पोचवायला मी गेलो होतो. गाडी सुटायला थोडा वेळ होता तेवढ्यात मुनिस्वामी आला, हातात लोण्याचं भांडं. ते त्यानं खिडकीतून आत दिलं आणि तिथेच गज धरून उभा राहिला.

"अक्का," तो कन्नडमध्ये म्हणाला, "तुम्ही चाललात म्हणून सांगतो. त्या दिवशी झेंडीपाशी मी मान वळवून बघितलं होतं. याचं चाक माझ्या पुढे होतं. पंचांनी माझं नाव घेतलं आणि मला जायचं होतं. मी गप्प बसलो."

अक्कांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तू पहिला होतास."

"आता काय त्याचं, अक्का."

"असं कसं? मी तुझं नुकसान केलं रे." त्या रडू लागल्या. भावजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी तसाच राहू दिला. मुनिस्वामी खाली मान घालून उभा होता. मला त्याच्यावर चिडावंसं वाटलं, पण जमलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गाडीनं शिटी दिली तेव्हा अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि गजातून माझा हात घट्ट धरला.

"बेळगाव, खरं सांगू? मी जिथे उभी होते तिथून मला ते कळायला मार्ग नव्हता. उद्या पुन्हा तसंच झालं ना, तर मी पुन्हा तेच करीन. तुझं पुन्हा नुकसान होईल."

गाडी हलली. मी हात न सोडता खिडकीबरोबर चालू लागलो.

"होऊ दे, अक्का," मी म्हणालो. त्या फोटोनंतर इतक्या वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदाच मनापासून बोललो.