आप्पा, हात जरा सैल सोडा!

मंडळी, आमची जुनी एसयूव्ही सरळ रस्त्यावरही भटकायची. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आप्पा, म्हणजे माझे वडील, स्टेअरिंग घट्ट धरून तिला सतत रेषेत आणायचे. "जुनी आहे, चालायचंच," म्हणायचे.

आज शेवटी गॅरेजवाल्याने स्टेअरिंगचे झिजलेले जॉइंट बदलले, अलाइनमेंट करून दिलं. गाडी कशी चालते ते बघायला आप्पा, आई आणि मी चांदवडच्या रस्त्याला लागलो. तर गाडी पहिल्यापेक्षा जास्त नागमोडी!

"बिघडवून ठेवली त्याने!" आप्पा तडकले.

मागून आई म्हणाली, "अहो, गाडी ठीक आहे. तुमचेच हात थांबत नाहीयेत. जरा सैल सोडा."

आप्पांनी पकड सैल केली. गाडी सुतासारखी सरळ.

आप्पांनी एका हाताने खांदा चोळला. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी या गाडीशी नुसती झटापट करत होतो."

त्यांचे खांदे दुखतात म्हणून आई रोज बाम चोळते. वय झालं, असं आम्ही सगळेच म्हणायचो. आप्पासुद्धा.

तुमच्या घरी कुणाच्या दुखण्याला "वय झालं" म्हणून मोकळे झालात का? एकदा त्यांच्या गाडीत बसून बघा.