शिरमेर्दच्या सुटकेचा तागा

बुर्सा शहरात मखमल विणणाऱ्यांच्या गल्लीत माझ्या आणि सेफेर उस्तादांच्या मागांमध्ये एकच भिंत होती. म्हणून हे मी सांगतो ते ऐकीव नाही.

उस्ताद विधुर, मूलबाळ नाही. घरात एक गुलाम, शिरमेर्द. दिवसभर माग चालवायचा, संध्याकाळी चूल सांभाळायचा. एका हिवाळ्यात उस्तादांच्या पोटात अशी कळ उठली की त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना साक्षीला बोलावलं आणि कण्हत म्हणाले, "माझा जीव गेला, की शिरमेर्द मोकळा."

आणि आठवड्याभरात उठून बसले.

आमच्याकडे असा शब्द परत घेता येत नाही. त्या गुलामाला विकताही येत नाही. डोंगरावरून धुकं उतरावं तसा उस्तादांच्या डोळ्यांत हळूहळू संशय उतरला. ज्याला माझ्या मरणाने सुटका, तोच माझं सूप ढवळतोय!

"आधी तू पी," ते म्हणायचे.

"प्यालो, धनी."

"पुन्हा पी. तळातलं."

गल्लीला आयता विषय मिळाला. "काय रे शिरमेर्द, म्हातारा आज नुसताच शिंकला का?"

शिरमेर्द हसत नसे. भिंतीपलीकडून एकदा मला म्हणाला, "धनी उद्या आपल्या मरणाने गेले, तरी बोट माझ्याकडेच वळेल. सुटेन, पण फासावर."

पुढे उस्तादांनी जेवणच टाकलं. गालफडं बसली. तेव्हा शिरमेर्दने विणकरांचे प्रमुख हुसाम आगा यांना घरी आणलं, आम्हालाही बोलावलं.

"धनी, माझी सुटका तुमच्या मरणावर टांगू नका. मागावर टांगा. डाळिंबाच्या नक्षीचा एक मखमली तागा विणून देतो. तो पसंत पडला की मी मोकळा."

उस्तादांनी बराच वेळ त्याला न्याहाळलं. "यात तुझा काय डाव?"

"तुम्ही जगावं, हाच."

असा करार आमच्यात नवा नाही. आगांनी तो साक्षीने पक्का केला आणि त्या दिवशी उस्ताद पोटभर जेवले.

पण अंगात मांस भरलं तसा त्यांना असा विणकर हातचा सोडवेना. आता संशयाची पाळी शिरमेर्दची. धनी कुजकं रेशीम देतील, रात्री धागे कापतील या भीतीने रेशमाची प्रत्येक लड तो ओढून बघे, मागाखालीच झोपे. सबंध उन्हाळा एकाने दुसऱ्याच्या हातावरून नजर हलवली नाही.

तागा उतरला. आगांनी तो पसरला. उस्ताद नाक टेकवून इंच इंच सरकले आणि एका डाळिंबावर बोट ठेवून म्हणाले, "इथे लव विरळ आहे. मला नामंजूर."

शिरमेर्दचा चेहरा राखेसारखा झाला.

आगांनी दाढी कुरवाळली. "बरं. करार मोडला. मग जुना शब्द कायम. तुम्ही जाल तेव्हा हा सुटेल. जा रे शिरमेर्द, चूल पेटव."

उस्तादांचं बोट तिथेच थिजलं. शिरमेर्द खरोखरच चुलीकडे निघाला होता.

"थांबा!" उस्ताद ओरडले. "उजेडच नाही इथे. दारात आणा तागा. ही काय, भरगच्च आहे लव! मोकळा आहे तो."

आम्ही हसलो. शिरमेर्द मात्र जागचा हलला नाही.

"पुन्हा म्हणा, धनी. गल्लीत उभं राहून म्हणा."

उस्तादांनी गल्लीत जाऊन म्हटलं. तेव्हा तो निघाला, आणि वळणापर्यंत दर चार पावलांनी मागे वळून पाहत गेला.