शेवटच्या नावानंतर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नीलिमालाही नाही, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोपासून काही लपवून ठेवणं किती अवघड असतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आमच्या रस्त्यावर सगळे मला फार भला माणूस समजतात आणि त्याचा आता वीट आलाय, म्हणूनही असेल.

कॉव्हेंट्रीतला साधा रस्ता आहे आमचा. लाल विटांची घरं, टोकाला थोडी हिरवळ, आणि त्या हिरवळीत एक दगड. या रस्त्यावरून दोन महायुद्धांत गेलेल्या अकरा मुलांची नावं त्यावर कोरलेली आहेत. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी रहिवासी मंडळाची माणसं तिथे जमतात. कोटाला युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं कागदाचं लाल पॉपीचं फूल, दोन मिनिटं शांतता, मग नावांचं वाचन, मग चहा. नावं मंडळाच्या सेक्रेटरीनं वाचायची, अशी पद्धत. गेली नऊ वर्षं सेक्रेटरी मी आहे. साताऱ्याच्या एका सुभेदाराचा मुलगा इंग्रजांच्या शहीद पोरांची नावं वाचतो — काय अभिमान होता मला त्याचा! पहिल्या वर्षी तर आठवडाभर आरशासमोर उभं राहून उच्चार घोटले होते.

आमच्या समोरच्या घरात कॅरल राहायची. मूळची अमेरिकेतली, ओहायोची. लग्न करून इकडे आली, नवरा लवकर गेला. एकच मुलगा, डॅनियल. तो याच रस्त्यावर वाढला, त्या दगडाशेजारीच फुटबॉल खेळला. एकोणिसाव्या वर्षी आईच्या देशात गेला, तिथल्या सैन्यात भरती झाला आणि बाविसाव्या वर्षी लढाईत मारला गेला. तिच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत एक अमेरिकन झेंडा असायचा, त्रिकोणी घडी घातलेला. त्याच्या शवपेटीवरचा.

तीस वर्षं इथे राहूनही कॅरलनं ब्रिटिश नागरिकत्व घेतलं नाही. त्यामुळे तिला मत नव्हतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे आपल्याला इथे भारतीय पासपोर्टवरही मत देता येतं, अमेरिकन माणसाला येत नाही. तरी दर निवडणुकीला हीच बाई रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांना आपल्या छोट्या गाडीतून मतदानकेंद्रावर न्यायची आणि स्वतः बाहेर थंडीत उभी राहायची. मी? मला मत होतं, आणि दोनदा तरी मी कंटाळा आला म्हणून गेलो नव्हतो.

कधी एकदा मुद्द्यावर येणार हा माणूस, असं वाटत असेल ना? येतोय. गोल गोल फिरतोय, ते मलाही कळतंय.

मी सेक्रेटरी झालो त्याच वर्षी, जूनमध्ये, मला इथलं नागरिकत्व मिळालं. कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ घेतली, राष्ट्रगीत म्हटलं, फोटो काढले. संध्याकाळी शेजाऱ्यांना घरी बोलावलं. नीलिमानं पेढे केले होते. सगळे अभिनंदन करत होते, मी फुगून बसलो होतो. तेवढ्यात कॅरलनं विचारलं, "मग जुना पासपोर्ट परत द्यावा लागतो का रे?"

मी म्हटलं, हो, आमच्याकडे दोन ठेवता येत नाहीत.

"अवघड गेलं असेल," ती म्हणाली. "तुझे वडील तर सैनिक ना? ते काय म्हणाले?"

बस, एवढंच. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, कारण अख्ख्या खोलीत हा प्रश्न महत्त्वाचा वाटणारी ती एकटीच होती. पण आबांना मी सांगितलंच नव्हतं. पंधरा ऑगस्टला पहाटे उठून, इस्त्रीचे कपडे घालून गावच्या शाळेत झेंड्याला सलाम करायला जाणाऱ्या माणसाला काय सांगणार होतो? मी हसून म्हणालो, "खूश झाले." नीलिमा खाली मान घालून पेढ्यांचं ताट सारखं करत राहिली. बाकी कुणाला काही कळलं नाही. पण माझ्या जिव्हारी लागलं. माझ्याच घरात, माझ्याच पेढ्यांवर, या बाईनं मला नागडं केलं — असं वाटलं मला. कसं वाटलं असेल बरं? तिनं काय केलं होतं?

आबा दोन वर्षांनी गेले. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण ती कबुली वेगळी आहे, तिच्याआड मला लपायचं नाही.

सप्टेंबरात कॅरल एक पत्र घेऊन आली. मंडळाच्या सेक्रेटरीला, म्हणजे मला, रीतसर लिहिलेलं. अकरा नावं वाचून झाली की डॅनियलचं नाव वाचता येईल का? दगडावर कोरायला नको, नुसतं वाचायचं. खाली तिनं लिहिलं होतं, "मी घरी म्हणून पाहिलं. तीनच सेकंद लागतात."

हे पत्र मी कमिटीपुढे ठेवायचं होतं. मी ते ठेवलं नाही. टेबलाच्या खणात टाकलं आणि कमिटीची बैठक होऊ दिली. बैठकीत कचऱ्याच्या डब्यांवर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रस्ता ओलांडून तिच्या दारात गेलो आणि तोंड पाडून सांगितलं, "कमिटीनं नाही म्हटलं, कॅरल. त्यांचं म्हणणं, हा कार्यक्रम आपल्या माणसांसाठी आहे. डॅनियलनं दुसरा देश निवडला होता."

असं कुणीही म्हणालं नव्हतं. ते वाक्य मी घरून जुळवून नेलं होतं. ते कुठे लागेल हे मला बरोबर माहीत होतं, कारण जूनपासून ते मलाच लागत होतं.

ती म्हणाली, "खरंय त्यांचं. तू प्रयत्न केलास, थँक यू." आत गेली आणि सकाळी केलेला बनाना ब्रेड फॉइलमध्ये गुंडाळून घेऊन आली. मी तो घेतला. घरी चहाबरोबर खाल्ला. नीलिमा म्हणाली, "अहो, एकदम मॉइस्ट झालाय हो! रेसिपी विचारायला पाहिजे तिला." मी आणखी एक तुकडा घेतला.

इथवर तुम्ही म्हणाल, चिडला माणूस, खोटं बोलला. पण मी थांबलो नाही ना! नोव्हेंबरात कॅरल आली. चहाचं टेबल तिनंच मांडलं होतं, नेहमीसारखं, आणि सगळ्यांच्या मागे उभी होती. मी अकरा नावं वाचली. अकरावं वाचून झाल्यावर कागदाची घडी घालायला हवी होती. मी घातली नाही. मुद्दाम. कागद तसाच धरून मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं चेहरा वर उचलला. तिला वाटलं — काय वाटलं हे मला कुणी सांगायला नको. मी मनात मोजलं. एक. दोन. तीन. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, "चहा तयार आहे."

माझ्या हातात कप तिनंच दिला. साखर किती हे तिला पाठ होतं.

पुढची सात वर्षं असंच. थांबायचं, पाहायचं, मोजायचं, घडी घालायची. तिसऱ्या वर्षापासून तिनं मान वर करणं सोडलं. तरी मी थांबत राहिलो. राग केव्हाच विरला होता. मग का? जमत होतं म्हणून. दुसरं कारण मला सापडत नाही.

या मार्चमध्ये कॅरल गेली. अंत्यविधीनंतर मंडळाचे अध्यक्ष, म्हातारे टेरी, माझ्याजवळ आले. आयुष्यभर बस चालवलेला साधा माणूस. म्हणाले, "तिनं आपल्या पोराचं नाव वाचायला कधी सांगितलं कसं नाही रे? आम्ही कुणी नाही म्हणालो असतो का? मला वाटायचं, तिला ते खाजगी ठेवायचं असेल. तुला काही बोलली होती?"

सांगायची ती वेळ होती. पत्र खणात होतं. अजूनही आहे.

"नाही," मी म्हणालो. "मला कधीच नाही."

"मग आता आपणच करू," टेरी म्हणाले.

या नोव्हेंबरात मी डॅनियलचं नाव वाचलं. बारावं. काही बायकांनी डोळे पुसले. टेरींनी माझा खांदा दाबला आणि सगळ्यांसमोर माझे आभार मानले, कारण मंडळाच्या इतिवृत्तात ही सूचना त्यांनीच माझ्या नावावर घातली होती. मी ती नोंद दुरुस्त केली नव्हती. मागे टेबलाशी चहा दुसरंच कुणी ओतत होतं.

कॅरलनं बरोबर मोजलं होतं. तीनच सेकंद लागले.