शेंदूर, शिसं आणि पहिलं नाव

समस्त सुजाण वाचकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, जबलपूरच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात, मेडिसिनच्या सेमिनार रूममध्ये, एका शनिवारी भर दुपारी विभागप्रमुखांची त्यांच्या स्वतःच्या लेखाशी पहिलीवहिली भेट झाली. ती भेट घडवून आणण्याचं पुण्य माझ्या पदरी आहे. कृपया कोणी हळहळू नये. मी तर आठवण आली की अजून स्वयंपाकघरात एकटीच हसते.

लेख मी लिहिला होता. नर्मदेच्या ग्वारीघाटावर पूजेचं सामान विकणारी एक बाई आमच्या वॉर्डात आली. पोटात असा पीळ पडायचा की ती गुडघे छातीशी घेऊन ओरडायची. तपासण्यांत काही सापडेना. एका ठिकाणी तिला अपेंडिक्स काढून टाकायला सांगितलं होतं, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं होतं की हे मनाचे खेळ आहेत. मी तिच्याशी गप्पा मारत बसले असताना तिचे हात पाहिले. नखांच्या कडा नारिंगी. सुटा शेंदूर ती दिवसभर चिमटीनं पुड्यांत भरायची आणि त्याच हातानं मधूनमधून पान तोंडात टाकायची. शेंदरात शिसं असतं. रक्त तपासलं, तर तिच्यातही भरपूर निघालं. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींवरचे निळे ठिपके दाखवले आणि आम्ही दोघी लॉटरी लागल्यासारख्या नाचलो. बाई बरी झाली. लेखासाठी परवानगी मागितली तेव्हा म्हणाली, "डॉक्टरनी दीदी, छापोगे तो दुकान का पता भी डाल देना."

आता हे जगाला सांगायचं, ते इंटरनेटवरच्या एका वैद्यकीय नियतकालिकातून. लेख पाठवणं म्हणजे मुलीच्या लग्नाची बोलणी. सारांश इतक्याच शब्दांत हवा, फोटो अमुकच आकाराचा हवा, पासवर्डमध्ये एक तरी आकडा हवा. शिवाय दोन प्रती. एकीवर लेखकांची नावं, दुसरीवर नाव नाही, गाव नाही, कॉलेज नाही, म्हणजे परीक्षकाला वाचताना कळू नये की कोणाचं आहे. मी सगळं केलं. पहिलं नाव माझं, दुसरं पॅथॉलॉजीच्या मॅडमचं. पाठवण्याआधी, रीत म्हणून, सरांना सांगायला गेले.

सर म्हणजे विभागप्रमुख. आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातले, जन्म जबलपूरचा, केस काळेभोर, इतके काळे की पावसाळ्यात कॉलरवर उतरायचे. विभागातून निघणाऱ्या प्रत्येक लेखावर पहिलं नाव त्यांचं, हा रिवाज. गाडी कोणीही जोडो, नंबरप्लेट सरांची.

"मॅडम, विभागातून लेख जाऊन राहिला अन् त्यात माझं नावच नाही?" सर म्हणाले.

"सर, तुम्ही पेशंट पाहिली नाही."

"राउंडला पाहिली ना!"

"राउंडला तुम्ही मोबाईल पाहता सर."

"अच्छा. जीभ फार चालते तुमची. चलो, पहिलं माझं, दुसरं तुमचं. तुम्ही तर घरच्याच."

घरच्याच! हा शब्द कानावर पडला की समजावं, आता ताट आपल्यासमोरून उचललं जाणार. प्राध्यापकपदासाठी माझी मुलाखत तोंडावर आली होती आणि आमची निवड समिती पहिलं नावच मोजायची. दुसऱ्या नावाला नुसतं "हो का" म्हणायची. आदल्या वेळी मी त्या "हो का"वरच घरी परतले होते, कारण तो लेखही माझा आणि पहिलं नाव सरांचं होतं. या वेळी हुकलं, तर माझ्यामागून आलेला, सरांच्या मर्जीतला एक जण माझ्या डोक्यावर बसणार होता. पण सरांच्या सहीशिवाय कॉलेजबाहेर कागद जात नव्हता. मी दातओठ खाल्ले आणि नावं बदलली.

नियतकालिकानं प्रत्येक लेखकाला ईमेल पाठवली: 'मी हा लेख पूर्ण वाचला असून त्याची जबाबदारी घेतो', असं असेल तर इथे दाबा. सर कॅन्टीनमध्ये पोहे खात होते. मी म्हटलं, "सर, आधी वाचून घ्या." एका हातात चमचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्यांनी दाबलं. म्हणाले, "वाचायचं काय त्यात? बाकीचे लोकं काहून पगार घेऊन राहिले?"

काही आठवड्यांनी उत्तर आलं. लेख आवडला, किरकोळ दुरुस्त्या करून परत पाठवा. आणि खाली, माझ्यासाठीच लिहिल्यासारखी एक ओळ: लेखकांच्या नावांचा क्रम बदलायचा असल्यास आत्ताच बदला, सर्वांच्या सह्या घेऊन. मी ती ओळ वाचून खुर्चीतच एक गिरकी घेतली. पण सरांची सही मागून मिळणारी नव्हती.

शनिवारी आमच्याकडे लेखवाचन असतं. कोणीतरी बाहेरचा एखादा लेख पडद्यावर मांडायचा, बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. नियम खुद्द सरांचा: लेखकांची नावं शेवटपर्यंत झाकून ठेवायची. "नावाला भुलून जाणारा डॉक्टर कामाचा नाही," हे ते दरवर्षी नव्या मुलांना ऐकवायचे. त्या शनिवारी पाळी माझी होती. बिननावाची प्रत माझ्याकडे तयारच होती. तीच लावली.

ज्या विद्यार्थिनीनं त्या पेशंटच्या खाटेशी रात्री काढल्या होत्या, तिनं पहिल्याच फोटोतली नखं ओळखली आणि ओढणी तोंडात कोंबली. पॅथॉलॉजीच्या मॅडम छताकडे पाहू लागल्या. सर मात्र रंगात आले. शल्यचिकित्सेचे विभागप्रमुख त्या दिवशी पाहुणे म्हणून बसले होते ना!

"हे काय लिहून राहिले लोकं?" सर कडाडले. "शेंदरात शिसं असते हे सांगायला लेख लागते? अन् हे वाक्य पाहा. हा काय निबंध आहे?"

"पण सर, निदान तर बरोबर आहे," मी लाडिकपणे म्हटलं.

"तुक्का लागला, मॅडम! मी लिहून देतो, हा जो कोणी पहिला लेखक आहे, त्यानं पेशंटला हातसुद्धा लावला नाही. खुर्चीत बसून नाव टाकलं असंल. असे लोकं कॉलेजात ठेवूच नये!"

शल्यचिकित्सेचे प्रमुख मान डोलावत म्हणाले, "सही पकड़े हैं सर."

"अब नाम दिखाइए," सर खुर्चीत मागे रेलून मला म्हणाले. "देखें तो, कौन महाशय हैं."

मी अदबीनं बटण दाबलं. पडद्यावर त्यांचं नाव आलं, पदव्यांसह, सगळ्यांत वर. त्याखाली माझं. मागच्या बाकावर कोणाला तरी जोराचा ठसका लागला. शल्यचिकित्सेचे प्रमुख चष्मा पुसायला लागले आणि पुसतच राहिले. सरांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. एक मार्ग होता, लेख चांगला आहे असं म्हणण्याचा, पण तो त्यांनी स्वतःच आत्ता बुजवला होता. क्रम बदलण्याच्या कागदावर त्यांनी त्याच संध्याकाळी, माझ्याकडे न बघता, सही केली, कारण भरल्या खोलीत, इतक्या साक्षीदारांसमोर, त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं:

"अरे, पण लिहिला तुम्ही, तर पहिलं नाव माझं काहून टाकलं?"