उत्तरापुढचा डॅश

“कोलनपुढचे डॅश काढ सगळे,” फोरमन दाजी म्हणाले. “हँडबिलांना खिळे पुरत नाहीयेत.”

खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. गिरगावातल्या प्रेसमध्ये मी ती एकेक उचलून ओळी जुळवायचो. कंपोझिटर. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. रोज सभेची हँडबिलं यायची, आणि घोषणेगणिक डॅश. माझ्या हातात मात्र माटुंग्याच्या एका प्रोफेसरांचं पुस्तक होतं. विजेची गणितं, मराठीत. कॉलेजात सगळं इंग्रजीतून. सायन्स मराठीतही शिकवता येतं, हे सरांना दाखवायचं होतं. चौथीनंतर शाळा सोडून कोकणातून आलेल्या मला ही नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली होती.

एका गणितात पृथ्वीवरचा विजेचा भार काढायचा होता. सर प्रेसमध्ये आले तेव्हा भीतभीतच विचारलं, “सर, फ्लक्स म्हणजे काय हो?”

“जमिनीतून विजेच्या जेवढ्या रेषा आरपार जातात, त्यांची बेरीज. तिला एका ठरलेल्या आकड्याने गुणलं की भार मिळतो. त्याच बेरजेला क्षेत्रफळाने भागलं की जमिनीवरचं विद्युतक्षेत्र. रेषा बाहेर पडल्या तर भार अधिक, आत शिरल्या तर उणे. पृथ्वीत त्या आत शिरतात. कळलं?”

मला खरंच कळलं. दाजी पलीकडून ओरडले, “अरे, तू खिळे जुळव! गणित जुळवायला सर आहेत.”

हस्तलिखितात शेवटी होतं, ‘उत्तर : – साडेचार लाख कूलोम’. आपल्याकडे ‘उत्तर’ लिहिलं की पुढे कोलन आणि डॅश आपोआप येतात. मला तो तसलाच डॅश वाटला. काढून टाकला.

प्रूफ वाचताना टोचलं. रेषा आत, मग उणे कुठे गेलं? प्रूफ सरांकडे मीच न्यायचो. पण त्या दिवशी हरताळ, बस बंद. “राहू दे, मशीनवर चढव,” दाजी म्हणाले. चालत जाता आलं असतं. निदान दाजींना सांगता आलं असतं. पण चौथी पास माणूस प्रोफेसरांच्या गणितात बोट घालतो म्हणून हसतील, उद्या घरी पाठवतील, ही भीती. गप्प बसलो.

महिन्याभराने सर पुस्तक घेऊन आले. स्टाफरूममध्ये कोणीतरी ते पान मोठ्याने वाचून म्हणालं होतं, “मराठीत आली की पृथ्वीसुद्धा प्लस होते वाटतं!” सगळे हसले होते.

मालक कडाडले, “कोणी जुळवलं हे?”

मी पुढे झालो.

“त्याला बोलू नका,” सर म्हणाले. “माझं अक्षरच तसं. कोलन मी घालायलाच नको होता.”

शुद्धिपत्रक मीच जुळवलं, प्रत्येक प्रतीत मीच चिकटवलं. एक ओळ, एक डॅश. नोकरी टिकली, त्याच प्रेसमधून रिटायर झालो. सरांच्या पुस्तकाचा दुसरा भाग मात्र आमच्याकडे आला नाही. तो त्यांनी इंग्रजीत लिहिला.

प्रूफ वाचतानाच चूक दिसली होती, हे त्यांना कधी सांगितलं नाही. कंपोझिटरला अर्थ कळला नाही तर चालतं. कळल्यावर गप्प बसलेलं चालत नाही.